माळकऱ्याच्या घरात पाये

स्वयंपाकघरातल्या वासाबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही डोळे मिटून, मान जरा वर करून बसला असाल. आता हा गडी सांगणार, आईच्या हातची टम्म फुगलेली भाकरी, चुलीत भाजलेलं वांगं, वरून लसणाची चरचरीत फोडणी. तोंडाला पाणी सुटलं असेल. सुटू द्या. थोड्या वेळानं थुंकायला उपयोगी पडेल.

कारण मी सांगतोय तो वास आहे बोकडाचे केस जळल्याचा. मेंढराची लोकर निखाऱ्यावर टाका, वर एक जुनी चप्पल ठेवा आणि शेजारी चरबी वितळायला ठेवा. मग दार लावून घ्या. त्या वासाच्या वेशीपर्यंत तरी याल. आत यायला माझ्यासारखं नशीब लागतं.

दोन-तीन वर्षं झाली त्याला. दुष्काळ पडायचा होता, खर्ड्याच्या ओढ्याला पाणी होतं, आणि मी मॅट्रिकला आपटी खाऊन घरी बसलो होतो. गावातल्या झाडून सगळ्यांच्या नकला करणं एवढाच माझा धंदा. त्यातच माझा थोरला भाऊ, दादा, कडब्याच्या गंजीवरून खाली आला. उतरला नाही, नुसता आला. नडगी मोडली.

हाडवैद्यानं हाड बसवलं, कामट्या लावून पाय बांधला. हा बुवा बोलताना दर दोन शब्दांना मिशरी थुंकायचा. आबा आणि आई बाहेर गेल्यावर तो आम्हाला म्हणाला, "हाड बसलं... थू... पर जोर यायला पायजे. बोकडाचे पाये आना, रस्सा पाजा... थू... दिवाळीला गंजीवर चढंल पुन्ना."

तो गेल्यावर मी वहिनीला त्याची नक्कल करून दाखवली. एरवी पदर तोंडात कोंबून हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"भाऊजी, पाये? हितं? मामंजींच्या घरात?"

कारण आबा माळकरी. माझे वडील. मी सहावीत असताना त्यांनी माळ घातली, तेव्हापासून घरात मटणाचं सोडा, अंड्याचं टरफल आलेलं नाही. आणि आबा असले-तसले माळकरी नव्हेत. ज्या चुलीवर असलं काही शिजलं त्या चुलीवरची भाकरी नाही, आणि जिनं शिजवलं तिच्या हातचं पाणी नाही. आमच्या आत्यानं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, एकदा आजारी पोरासाठी अंडं तळलं. आबा अजून तिच्याकडं जातात, ओसरीवर बसतात, तासभर बोलतात, पण पाण्याचा तांब्या आला की म्हणतात, "आत्ताच पिऊन आलोय." वर्षानुवर्षं आमचे आबा आत्ताच पिऊन आलेले आहेत.

वहिनीच्या लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. सुनेच्या हातच्या भाकरीला पापुद्रा कसा येतो हे आबा पारावर बसून लोकांना सांगायचे. मला तर वाटायचं, त्यांना सून नाही, मेडल मिळालंय.

"मामंजींनी माझ्या हातचं पानी सोडलं तर मी हितं नांदू कशी, सांगा," वहिनी म्हणाली. तिकडं दादा पाटावर पाय ठेवून कण्हत होता. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा चुलीकडं.

दोन दिवसांनी आबांनी आईला घेतलं आणि माझ्या थोरल्या बहिणीकडं केडगावला निघाले. चार दिवस राहून येतो म्हणाले. एसटीचा धुरळा खाली बसायच्या आत वहिनीनं माझ्या हातात पिशवी दिली.

"वर मेथी घाला," ती म्हणाली. "आन खाटकाशी बोलत बसू नका. नकला करू नका त्याच्या."

पाये आले. वर्तमानपत्रात बांधलेले. घरी येऊन उलगडले तर कागद कातड्याला चिकटलेला, बातम्यांची अक्षरं उलटी उमटलेली. खुरांच्या बेचक्यात वाळलेलं शेण, केसांत रक्ताच्या गुठळ्या. एक पाय अजून पुढं जायचं असल्यासारखा वाकलेला होता. माझ्या पोटातली सकाळची भाकरी एकदा वर येऊन बघून गेली.

वहिनी राजूरच्या बाजूची. तिच्या माहेरी सगळं चालतं, तिला सगळं येतं. पाये भाजायचे ते अंगणात, उघड्यावर, तीन दगड मांडून, हे तिला माझ्यापेक्षा बरं ठाऊक. पण आमच्या अंगणासमोर राहते मावशी. ही काही आमची सख्खी मावशी नाही, गावाची मावशी. तिचं एक जातं, एक खिडकी आणि एक तोंड, तिन्ही दिवसभर चालू. माळकऱ्याच्या अंगणात बोकडाचा पाय दिसला असता तर ते आबांना केडगावात कळलं असतं.

म्हणून दार लावलं. खिडकीत पोतं कोंबलं. आणि मातीच्या धाब्याच्या त्या बुटक्या घरात, आईच्या चुलीवर, वहिनीनं पाये भाजायला घेतले.

आधी केस जळाले. केस जळताना आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. चिर्रर्र करत एकेक केस गुंडाळून काळा मणी होतो आणि फुटतो. मग कातडं तडतडतं, त्यातनं पिवळं पाणी सुटतं आणि निखाऱ्यावर पडून फस्स करतं. मग सुरीनं खरवडायचं. ते खरवडलेलं काळं-पिवळं लोण्यासारखं पात्यावर जमतं. मग खूर काढायचा. टक्. चार पाये, आठ वेळा टक्. मी कोपऱ्यात नाकाला उपरणं बांधून उभा, तरी वास डोळ्यांतनं आत येत होता.

दाराबाहेर आमची शेळी बांधलेली. ती दाराच्या फटीला नाक लावून उभी राहिली आणि हललीच नाही. मी फटीतनं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून ती माझ्या हातचा पाला नीट खात नाही.

रस्सा नव्या मडक्यात शिजला. घरातली भांडी बाटवायची नाहीत, एवढी अक्कल वहिनीनं राखली होती. पण वास मडक्यात थोडाच राहतो? दादानं वाटी तोंडाला लावली. सुर्रर्र. मग वाटी चाटली. मग बोटं चाटली. त्याचे ओठ एकमेकांना चिकटायला लागले, बोलताना पचपच वाजायला लागले. उरलेल्या रश्श्यावर पांढरी साय धरली, जाड, वर बोटानं नाव लिहावं अशी.

"तू पी की घोटभर," दादा मला म्हणाला.

मी बाहेर जाऊन आलो. कशासाठी ते विचारू नका.

दोन दिवस दादानं रस्सा प्यायला. तिसऱ्या दिवशी सकाळी मडकं रिकामं झालं, आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं की पाये संपले, वास संपला नाही. उलट म्हातारा झाला होता. जळका वास मुरून आता खवट झाला होता. तुळयांत होता, वलणीवरच्या गोधड्यांत होता, पिठाच्या डब्यात होता. मी मिठाच्या बरणीचं झाकण काढलं तर मिठाला वास. देव्हाऱ्यापुढं उभा राहिलो तर देवसुद्धा श्वास धरून बसल्यासारखे. वहिनीच्या केसांना तर असा वास, की ती जवळून गेली की मला खाटीकच गेल्यासारखं वाटे.

आणि आबा उद्या संध्याकाळच्या गाडीनं यायचे होते.

वहिनीनं निखाऱ्यावर ऊद टाकला. घरभर धूर केला. धूर विरला, आणि आता वास आला बोकडाच्या पूजेचा.

मला आठवलं, लग्नातली अत्तरदाणी ट्रंकेत आहे. तळाशी दोन थेंब गुलाबाचं अत्तर होतं. ते मी तुळयांना फासलं. आता वास आला बोकडाच्या लग्नाचा. अत्तर लावून, हार घालून, सडत आलेला नवरदेव.

वहिनीनं कडुलिंबाचा पाला जाळला. कडू वास, गोड वास, खवट वास, सगळे एकाच घरात भावकीसारखे शेजारी-शेजारी, कुणी कुणाला जागा देईना.

"मिरच्या जाळू," मी म्हणालो. "मिरचीपुढं कुनाचं काय चालत न्हाई."

दृष्ट काढताना जाळतात तशा मूठभर लाल मिरच्या मी चुलीत टाकल्या. त्यापुढचा अर्धा तास मी काही पाहिलं नाही. वहिनी खोकत, दादा पडल्या जागी खोकत, प्रत्येक खोकल्याला पाय हलून "आई गं" म्हणत, आणि मी डोळ्यांतनं, नाकातनं गळत. ठसका गेला. वास होता तिथंच होता, फक्त आता तिखट होता.

मग वहिनीनं कमरेला पदर खोचला. "आता येकच. समदं धुवायचं."

घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, सतरंजी आम्ही ओढ्यावर नेली. बडवून, पिळून अंगणभर वाळत घातली. वहिनीनं चुलीचा वरचा लेप खरवडून नवा दिला, भिंती पोतेऱ्यानं पुसल्या, मग शेण कालवून घर दारापासून परसापर्यंत सारवलं. कोपऱ्याकोपऱ्यात गोमूत्र शिंपडलं. ते मडकं नेऊन मी उकिरड्याच्या दगडावर फोडलं. शेवटी वहिनी डोक्यावरनं न्हाली, आणि ओले केस पाठीवर मोकळे सोडून उन्हात बसली.

आम्ही दोघं दमून एकमेकांकडं बघत होतो. जिंकल्यासारखं वाटत होतं. आणि समोरच्या खिडकीतलं जातं थांबलं.

मावशी रस्ता ओलांडून आली. अंगणाच्या मधोमध उभी राहिली. गोधड्या पाहिल्या. सारवण पाहिलं. वहिनीचे मोकळे ओले केस पाहिले. उकिरड्यावरची खापरं तर येतानाच पाहून आली होती. मग माझे डोळे पाहिले, मिरचीनं सुजून लाल झालेले.

"आगं बया बया बया," ती म्हणाली. "कोन गेलं रं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दसरा दूर, दिवाळी दूर, अशा आडदिवशी सगळ्या गोधड्या कोण धुतं? ज्याचं सुतक फिटतं तो धुतो. सारवण, गोमूत्र, फुटकं मडकं, डोक्यावरनं अंघोळ. आम्ही वास काढायला जे जे केलं होतं, ते सगळं मेलेल्या माणसाच्या घरी करतात तसंच झालं होतं.

आता तुम्हीच सांगा. मावशीच्या तोंडासमोर 'मावशी, पाये' म्हणायचं?

"राजूरचं तात्या का?" तिनंच विचारलं.

राजूरचे तात्या म्हणजे आबांचे चुलते. तिकडं डोंगरात दुकान टाकून बसलेले, दम्यानं हैराण, दर थंडीत जाणार-जाणार म्हणून सगळ्या भावकीत गाजलेले.

मी मान खाली घातली. एवढंच. मान खाली घालणं म्हणजे बोलणं नव्हे. फक्त त्यावर एक हुंदका दिला, कारण नुसती मान फार कोरडी दिसत होती. हुंदका आमच्या शाळेच्या शिपायाचा होता. त्याची म्हैस मेली तेव्हा तो रडला होता, आधी तीन आखूड आणि मग एक लांब. तो मला छान जमतो.

"आरं माज्या देवा!" मावशी ओरडली, आणि तिथंच बसून तिनं सूर लावला.

वहिनी मला आत ओढत घेऊन गेली. "भाऊजी, ह्ये काय केलं तुमी?"

"वास झाकला."

"जितं मानूस मारलं!"

"मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं म्हनत्यात. तात्यांचा दमा जाईल."

आत दादा पोत्यावर पडला होता, कारण गोधड्या सगळ्या ओल्या. तो हसत होता आणि हसताना पाय दुखत होता म्हणून रडत होता. मावशीचा सूर ऐकून अंगणात जमलेल्या बायांना ते बरोबर ऐकू गेलं. "थोरल्याला लई लागलं बाई," कुणीतरी म्हणालं.

तिन्हीसांजेला सात-आठ बाया घरात येऊन बसल्या. ज्या घरात मयत झालं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्यांनी भाकरी आणल्या, पिठलं आणलं. दारातनं आत येताना प्रत्येकीचं नाक आधी आखडायचं आणि मग पदर लागायचा. मी एकेकीचं नाक मोजत होतो. सारवणाखालनं, गोमूत्राखालनं, मिरचीखालनं तो वास हळूहळू वर येत होता. धाब्याच्या मातीतनंच येत होता.

एक म्हातारी शेवटी म्हणालीच, "कसला वास म्हनावा गं ह्यो?"

"मयताच्या घराला आसाच वास आसतू, बया," मावशी म्हणाली.

"आगं पर मयत तर राजूरला झालं."

मावशी थांबली. मी श्वास रोखला. तसाही रोखलेलाच होता. "जीव हितं आडकला आसंल तात्याचा," ती म्हणाली. आणि सगळ्या बायांनी त्या वासाला हात जोडले.

बोकडाच्या जळक्या केसांना नमस्कार घालणाऱ्या आठ बाया मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यातच मावशीनं माझ्या हातावर पिठलं वाढलं. पिवळं, गिळगिळीत, वर तेल. मी एक घास तोंडात घातला आणि तो बाहेरच्या बाहेर शेळीला दिला. शेळीनंही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एसटीच्या वाटेकडं बघत बसलो होतो. मी ठरवलं होतं, आबा अंगणात आले की पळत जाऊन सांगायचं, काही झालं नाही, मावशीला वेड लागलंय.

आई आली. तिच्या मागनं एक बोडका माणूस आला. डोक्याचा चकचकीत गोटा, वरचा ओठ उघडा, पांढरा, कधी ऊन न लागलेला. मी त्यांना "कोण पाहिजे?" म्हणणार होतो, तेवढ्यात तो माणूस आबांच्या आवाजात म्हणाला, "पानी वत."

आबांना मिशी नाही हे मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं. ते धोतरासकट उंबऱ्याबाहेर बसले आणि मी, मीच, त्यांच्या त्या गोट्यावर गार पाण्याच्या घागरी ओतल्या. दुसरं काय करणार? ते कुडकुडत होते आणि तोंडानं "तात्या, तात्या" म्हणत होते.

अंग पुसून ते आत आले. उंबऱ्यात थबकले. नाक एकदा उडालं. मी पाहिलं, वहिनीनंही पाहिलं.

"कवा गेलं तात्या?" आबांनी विचारलं. "निरूप कुनी आनला?"

मला इतके आवाज काढता येतात, त्यातला एकही निघाला नाही. वहिनी पुढं झाली. तिनं खाली वाकून आबांच्या पायांजवळ जमिनीला हात टेकले.

"मामंजी, तात्या गेलं न्हाईत. कुनी गेलं न्हाई. यांच्या पायाला जोर यावा म्हनून म्या ह्या चुलीवर..."

"थांब," आबा म्हणाले.

आबांचा हात मिशीकडं गेला, तिथं मिशी सापडली नाही, तसाच खाली आला. त्यांनी दादाच्या पायाकडं पाहिलं, चुलीच्या नव्या लेपाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. पुन्हा एकदा त्यांचं नाक उडालं, पण त्यांनी ते तळहातानं दाबून धरलं.

"मिरच्या जाळल्यात का कुनी घरात? ठसका लागतोय निस्ता," ते म्हणाले. "मला दुसरं काय कळत न्हाई. पानी आन बाई, तांब्याभर."

वहिनीनं तांब्या आणला. येताना निम्मं पाणी सारवणावर सांडलं. आबांनी तांब्या वर केला आणि घटाघटा सगळा प्यायला. आईनं डोळ्यांना पदर लावला. दादानं तोंड भिंतीकडं केलं.

मला वाटलं, संपलं. मी हळूच दाराकडं सरकलो. आबांनी माझा कान धरला आणि मला गोठ्यामागं नेलं. तिथं कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, दबक्या आवाजात, पण दात खाऊन सुरू झाले.

"हुंदका दिलास म्हनं? मावशीम्होरं? आरं, म्या गाडीतनं उतरतोय तवर न्हावी वस्तरा घिऊन हुबा. 'बसा आबा, तात्या गेलं.' म्या बसलो! भर स्टँडात बसलो आन त्या म्हाताऱ्यासाठी रडलो. जल्मात कवा धड बोललो न्हाई त्येच्याशी, आन रडलो! समद्या गावानं बघितलं. आता उंद्या राजूरला जाऊन काय सांगू त्येला, डोकं कशानं बोडलं? ऊन लागलं म्हनून? खाली काय बघतोस, हिकडं बघ. हाडवैद्यानं पायाच्या रश्श्याचं आदी कुनाला सांगितलं, तुला? मला सांगितलं त्येनं! चार दिस लेकीच्या दारात जाऊन बसायला मला काय हौस आल्ती व्हय रं? म्या गेलो कशापाई, तुमी करावं म्हनूनच ना? काय म्हनलो का म्या? आन तुमी दार लावून घरात भाजता? खिडकीत पोतं कोंबून? येवढं वावार पडलंय, लिंबाखाली तीन दगड मांडायचं, भाजायचं, थितंच शिजवायचं! मॅट्रिकला बसला हुतास न्हवं? धूर कुटं जातो ते तुज्या मास्तरानं शिकिवलं न्हाई? वकारी आली मला उंबऱ्यात, वकारी! ते पानी कसं गिळलं माझं मला म्हाईत. हसतोस? सकाळच्याला उठायचं, समद्या वाकळा परत वढ्याला न्यायच्या, येकट्यानं. आन तवर घरात झोपायचं न्हाई, हितं झोप शेळीपाशी. सरक तिकडं. श्या! तुज्या अंगालाबी येतोय मेला."